समुद्रतळाचा रोजमेळ

1964 साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात डी. पी. अग्रवाल यांचा हडप्पा संस्कृतीच्या काळाविषयीचा एक छोटा निबंध छापून आला. अग्रवाल तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते. त्याआधी पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी मेसोपोटेमियातल्या मुद्रा आणि नोंदी यांच्या आधारे या नगरसंस्कृतीला इ.स.पू. 2500 ते 1500 असे हजार वर्षांचे आयुष्य दिले होते. अग्रवालांनी वेगवेगळ्या उत्खननांतून आलेल्या कोळशांतला कार्बन-14 तपासला आणि हा काळ इ.स.पू. 2300 ते 1750 एवढाच धरावा असे सुचवले. आज कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले तर त्याच संस्कृतीच्या बहराचा काळ इ.स.पू. 2600 ते 1900 असा दिलेला दिसतो. कोळसा तोच होता आणि मुंबईतली मोजणीही खोटी ठरलेली नाही. तरीही सुरुवात तीनशे वर्षे मागे सरकली.

हे कसे झाले, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधत जाताना वाट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगतच्या एका काळ्या, दुर्गंधी गाळापर्यंत पोहोचते. हा गाळ कोणी, कसा वाचला आणि त्या वाचनात चूक कुठे झाली, हे पाहण्यासारखे आहे. प्रस्तुत वक्त्याच्या मते त्या चुकीतून जे कळले, ते बरोबर आलेल्या उत्तराहून अधिक मोलाचे आहे.

मूळ कल्पना साधी आहे. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन निर्माण करतात. हे न्यूट्रॉन नायट्रोजनवर आदळले की कार्बन-14 तयार होतो. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळतो, पानांतून झाडात जातो, चाऱ्यातून गुरांत आणि धान्यातून माणसात. जीव आहे तोवर आवक चालू असते. जीव गेला की आवक थांबते आणि साठलेला कार्बन-14 झिजू लागतो. दर 5730 वर्षांनी तो निम्मा होतो. उरला किती हे मोजले की मृत्यूला किती वर्षे झाली ते कळते. मार्टिन केमन आणि सॅम्युएल रुबेन यांनी 1940 साली बर्कलीत हे समस्थानिक शोधले. 1949 साली शिकागोत विलर्ड लिबी आणि जेम्स अरनॉल्ड यांनी ज्यांचे वय आधीच माहीत होते अशा वस्तूंवर ही पद्धत पारखून पाहिली. इजिप्तचा राजा जोसर याच्या थडग्यातले लाकूडही त्यांत होते. या कामासाठी लिबींना 1960 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. हवेतले कार्बन-14 चे प्रमाण सदासर्वकाळ सारखेच राहिले, असे मानले गेले होते. पण सूर्य कधी जोरात असतो, कधी शांत. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कधी दणकट असते, कधी दुबळे, आणि ते दुबळे झाले की विश्वकिरण अधिक आत शिरतात. महासागर कधी जुना कार्बन पोटात दाबून ठेवतो, कधी वर सोडतो. 1958 साली खोनिंगनच्या हेसेल दे व्रीस यांनी दाखवून दिले की हे प्रमाण शतकाशतकाला वरखाली होते. जुन्या महाराष्ट्रात गावोगावचा शेर वेगळा असायचा. एका पेठेतला शेरभर दाणा दुसऱ्या पेठेत शेरभर भरत नसे, आणि व्यवहार करायचा तर रूपांतराचे कोष्टक जवळ लागे. कार्बन-14 चेही तसेच आहे. प्रत्येक शतकाचा शेर वेगळा. प्रयोगशाळा देते ते ‘कार्बन-वर्षां’तले वय. त्याची सौरवर्षे करायला कोष्टक हवे, आणि ते तयार करण्याच्या कामालाच अंशशोधन म्हणतात.

पहिले कोष्टक झाडांनी दिले. झाडाचे प्रत्येक वलय त्या-त्या वर्षीच्या हवेतला कार्बन घेऊन बंद होते आणि वलये मोजली की वर्ष नेमके कळते. कॅलिफोर्नियातल्या उंच डोंगरांवरचे ब्रिसलकोन पाइन हजारो वर्षे जगतात. त्यांच्या मृत ओंडक्यांसह वेस्ली फर्ग्युसन यांनी वलयांची लांबलचक माळ गुंफली आणि हान्स स्यूस यांनी त्यांतला कार्बन-14 मोजला. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात कार्बन-वर्षे आणि खरी वर्षे यांत शतकांचा फरक निघाला. कॉलिन रेनफ्रू यांनी 1973 साली या फरकाचा युरोपच्या प्रागितिहासावर झालेला परिणाम मांडला. पश्चिम युरोपातली दगडी थडगी इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी निघाली, म्हणजे ती बांधण्याची कला पूर्वेकडून शिकून घेतल्याची कहाणी टिकेना. हडप्पाचा काळ मागे सरकला तोही याच कोष्टकामुळे.

वलयांमुळे आणखी एक अडचण उघडी पडली आणि तिचा विदर्भाशी थेट संबंध आहे. इ.स.पू. 800 ते 400 या काळात हवेतला कार्बन-14 अशा रीतीने घटत गेला की रूपांतराची रेषा जवळजवळ सपाट होते. आठव्या शतकातला कोळसा असो की पाचव्या, प्रयोगशाळेतून वय जवळपास एकच येते. नागपूर परिसरातल्या माहूरझरी, नायकुंड यांसारख्या स्थळांची महापाषाणीय संस्कृती नेमकी याच सपाटीच्या आसपास येते. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. या संस्कृतीच्या पिढ्या एकमेकींपासून वेगळ्या काढायच्या तर केवळ कार्बन-14 वर भागत नाही. मडकी आणि थरांचा क्रम यांनाही तितकाच मान द्यावा लागतो.

झाडांची माळ मात्र कुठेतरी संपते. जर्मनीतल्या नद्यांच्या काठी गाळात पुरलेल्या ओक आणि पाइन वृक्षांमुळे ती बारा हजार वर्षांच्या थोडी पलीकडे सलग गेली. त्याआधी हिमयुग होते आणि युरोपात झाडेच विरळ होती. काही सुटे तुकडे सुमारे चौदा हजार वर्षांपर्यंत पोहोचतात. पण कार्बन-14 ची पद्धत पन्नास हजार वर्षांपर्यंत चालते. आधुनिक मानव युरोपात आला, निअँडरथल नाहीसे झाले, गुहांच्या भिंतींवर रेड्या-घोड्यांची चित्रे उमटली, हे सगळे त्या कोष्टक नसलेल्या काळात घडले. तिथला फरक शतकांचा नाही. 1990 साली एदुआर बार्ड आणि सहकाऱ्यांनी बार्बाडोसच्या प्रवाळांचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढले. वीस हजार वर्षांच्या सुमारास कार्बन-14 चे वय साडेतीन हजार वर्षांनी कमी भरत होते. मात्र प्रवाळ सलग मिळत नाहीत. वर्षामागून वर्ष नोंद ठेवणारी वही कुठे आहे, हा प्रश्न तसाच राहिला.

अशी वही समुद्राच्या तळाशी सहसा सापडत नाही. तळावर गाळ सतत पडतो, पण त्यात किडे, शिंपले, खेकडे राहतात. ते बिळे करतात, खातात, उकरतात आणि शेपाचशे वर्षांची पाने एकमेकांत कालवून टाकतात. थर शाबूत राहायचे तर तळाशी कोणीच जगता कामा नये.

कारियाको खोऱ्यात हे जमून आले आहे. व्हेनेझुएलाच्या उत्तर किनाऱ्यालगत, खंडमंचात खचलेला हा एक खोल खड्डा आहे. त्याचा तळ सुमारे 1400 मीटर खोल आहे, पण कॅरिबियन समुद्राशी त्याला जोडणारे उंबरे दीडशे मीटरच्याही आत आहेत. बाहेरचे ताजे, प्राणवायूयुक्त पाणी उंबरा ओलांडून खोल उतरू शकत नाही. वरून पडणारे मृत प्लवक कुजताना आतला प्राणवायू संपवतात. सुमारे तीनशे मीटरखाली प्राणवायू नाही, हायड्रोजन सल्फाइड आहे. तिथे किडे जगत नाहीत, म्हणून पाने कालवली जात नाहीत.

त्या पानांवर दर वर्षी दोन ओळी लिहिल्या जातात. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत व्यापारी वारे किनाऱ्यालगत जोराने वाहतात, वरचे पाणी दूर लोटले जाते आणि खालचे पोषक पाणी वर येते. समुद्र प्लवकांनी फुलतो आणि त्यांच्या सिलिकेच्या व चुन्याच्या कवचांचा फिकट थर तळाशी बसतो. उन्हाळ्यात विषुववृत्तालगतचा पावसाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो, वारे पडतात, नद्या फुगतात आणि जमिनीवरची माती समुद्रात येते. तिचा थर काळसर. एक फिकट, एक काळसर, मिळून एक वर्ष. जाडी साधारण एका मिलिमीटरच्या आसपास. मोसमी पावसावर जगणाऱ्या आपल्यासारख्या माणसांना ही लिपी परकी वाटू नये. कोरडा ऋतू आणि पाण्याचा ऋतू यांच्या फेऱ्यानेच तिथे वर्ष मोजले जाते.

या थरांचे गाभे काढायला आधी नळीसारखी दट्ट्यांची यंत्रे वापरली गेली. 1996 साली ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ या वेधन-जहाजाने 1002 क्रमांकाच्या ठिकाणी सुमारे 170 मीटर लांबीचा गाळ वर आणला. तो पाच लाखांहून अधिक वर्षे मागे जातो. कार्बन-14 साठी त्यातला वरचा थोडासाच भाग उपयोगाचा. कॉनराड ह्यूएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाभ्यांचे काम हाती घेतले. गाभा उभा चिरायचा, त्याचे पातळ काप करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजायचे. मग ठरावीक खोलीवरचा चिमूटभर गाळ धुऊन त्यातून फोरामिनिफेरांची कवचे निवडायची. फोरामिनिफेरा म्हणजे वाळूच्या कणाएवढे, चुन्याचे घर बांधणारे एकपेशीय जीव. बारीक ओल्या कुंचल्याने एकेक कवच उचलून एका मोजणीसाठी शेकडो कवचे गोळा करावी लागतात.

अशी इवलीशी नमुन्याची पुडी मोजता येते ती कणत्वरकामुळे. लिबींच्या काळी कार्बन-14 चा अणू फुटण्याची वाट पाहावी लागे. 1970 च्या दशकाअखेर अणू थेट मोजण्याची युक्ती निघाली आणि मिलिग्रॅमभर कार्बन पुरू लागला. तरी जुन्या नमुन्यांत धोका मोठा असतो. पन्नास हजार वर्षांनी मूळ कार्बन-14 चा जेमतेम चारशेवा भाग उरतो. त्यात आजच्या कार्बनचा एक टक्का जरी मिसळला, तरी वय छत्तीस हजारांच्या आसपास येते. चौदा हजार वर्षे एका टक्क्याने पुसली जातात. म्हणून या कामात नमुना साफ करणाऱ्या हातांचे महत्त्व यंत्राइतकेच आहे.

1998 साली ‘नेचर’मध्ये ह्यूएन गटाचे निकाल आले. त्याच वर्षी हिरोयुकी कितागावा आणि योहानेस फान डेर प्लिख्त यांनी जपानच्या सुइगेत्सु सरोवराच्या थरांतून निघालेली नोंद प्रसिद्ध केली. सुइगेत्सुच्या थरांत जमिनीवरची पाने सापडतात, त्यांत थेट हवेतला कार्बन असतो. समुद्राच्या गाळाला ही सोय नाही.

समुद्रातले पाणी एकाच वयाचे नसते. खोल पाणी शेकडो वर्षे हवेला न भेटता फिरत राहते आणि तेवढ्या काळात त्यातला कार्बन-14 झिजतो. ते वर येऊन पृष्ठभागाच्या पाण्यात मिसळते. म्हणून आज समुद्रात जन्मलेला शिंपला जन्मतःच काही शतके म्हातारा असतो. हा फरक जगभर सरासरी चारशे वर्षांचा धरला जात असे. कारियाकोसाठी तो सुमारे 420 वर्षे मोजला गेला. कवचाच्या वयातून तो वजा केला की हवेचे वय मिळते. अट एकच, की हा फरक पूर्वीही तेवढाच असला पाहिजे.

सुमारे 12,900 वर्षांपूर्वी हिमयुगातून बाहेर येणाऱ्या उत्तर गोलार्धात अचानक पुन्हा गारठा पडला. तो हजारभर वर्षे टिकला. या काळाला ‘यंगर ड्रायस’ म्हणतात. उत्तर अटलांटिकमध्ये पाणी बुडण्याची क्रिया मंदावली आणि उष्ण पाण्याचा उत्तरेकडचा ओघ कमी झाला, असे त्याचे कारण दिले जाते. कारियाकोच्या नोंदीत याच वेळी हवेतला कार्बन-14 दोनशे वर्षांत सुमारे सात टक्क्यांनी वाढलेला दिसला. अर्थ सरळ वाटत होता. समुद्राने कार्बन-14 खोल नेणे थांबवले, म्हणून तो हवेत साचला. निष्कर्ष देखणा होता आणि आंतरराष्ट्रीय कोष्टकात त्याला जागा मिळाली.

हे सगळे घडत होते ते नेमके झाडांची सलग माळ तुटते तिथे. पुढे त्या काळातल्या पाइनच्या सुट्या तुकड्यांतला कार्बन-14 मोजला गेला आणि एवढी मोठी उडी त्यांच्यात दिसेना. 2008 साली रायमुंड मुशेलर आणि सहकाऱ्यांनी वृक्षवलये ध्रुवीय बर्फातल्या बेरिलियम-10 शी जुळवून पाहिली. बेरिलियम-10 हेही विश्वकिरणांतूनच जन्मते, पण ते समुद्राच्या कार्बनच्या फेऱ्यात अडकत नाही. विश्वकिरणांनी किती उत्पादन केले हे ते वेगळे सांगते. उत्तर असे निघाले की यंगर ड्रायसच्या सुरुवातीला कारियाकोच्या पाण्याचा फरक 420 वर्षांवर राहिलाच नव्हता, तो खूप घटला होता. चारशे वर्षांचा फरक नाहीसा झाला तर कार्बन-14 पाच टक्क्यांनी वाढल्यासारखा दिसतो. म्हणजे त्या देखण्या उडीचा बराचसा भाग हवेतला नव्हता, त्या खोऱ्यातल्या पाण्याचा होता.

इथे क्षणभर मुंबईकडे वळावे लागते. बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल आणि त्यांच्या टाटा संस्थेतल्या सहकाऱ्यांनी 1957 साली खोल समुद्राच्या गाळातल्या बेरिलियम-10 वर निबंध प्रसिद्ध केला होता. विश्वकिरणांपासून पृथ्वीवर काय काय जन्मते याचा हिशेब लाल यांनी पुढे आयुष्यभर केला. ज्या संस्थेत हडप्पाचे कोळसे मोजले गेले, तिथेच अर्ध्या शतकानंतर कारियाकोचे वाचन तपासणाऱ्या साक्षीदाराचा सुरुवातीचा अभ्यास झाला होता. मराठीत विज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या कामाकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

कारियाकोची नोंद म्हणून निकालात निघाली का? अजिबात नाही. थरांची मोजणी पक्की होती, कवचांची मोजणीही पक्की होती. बदललेली होती ती वजाबाकी. आणि हवेचा कार्बन-14 झाडांतून व गुहांतल्या लवणस्तंभांतून स्वतंत्रपणे कळू लागल्यावर ती वजाबाकीच मोजण्याजोगी वस्तू झाली. कवचाचे वय आणि हवेचे वय यांतला फरक म्हणजे त्या शतकात ते पाणी किती जुने होते याची नोंद. समुद्राचे अभिसरण केव्हा बदलले हे सांगणारी दुर्मीळ नोंद. अडथळा म्हणून जो आकडा वजा करून टाकला जात होता, त्यातच हवामानाचा इतिहास दडलेला होता.

हिमयुगातला गाळ आणखी अवघड आहे. सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वीच्या आधी कारियाकोचा तळ पुष्कळ काळ प्राणवायू बाळगून होता, त्यामुळे तिथे वार्षिक थर मोजता येत नाहीत. 2004 साली ह्यूएन गटाने दुसरा मार्ग धरला. गाळाच्या फिकट-काळसर छटांचे चढउतार ग्रीनलंडच्या बर्फातल्या तापमानाच्या चढउतारांशी जुळवून पन्नास हजार वर्षांची नोंद तयार केली. नंतर ही जुळणी चीनमधल्या नानजिंगजवळच्या हुलू गुहेतल्या लवणस्तंभांशी केली गेली, कारण त्यांचे वय युरेनियम-थोरियमने स्वतंत्र ठरते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे एक्केचाळीस-बेचाळीस हजार वर्षांपूर्वी फार क्षीण झाले होते आणि त्या सुमारास कार्बन-14 फुगलेला दिसतो. पॉला राइमर यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने 2020 साली प्रसिद्ध केलेले ‘इंटकॅल-20’ हे कोष्टक 55 हजार वर्षांपर्यंत जाते. त्यात झाडे, सुइगेत्सुची पाने, हुलूचे लवणस्तंभ, प्रवाळ आणि समुद्राचा गाळ एकत्र आहेत. कारियाकोचा फरक आता स्थिर धरला जात नाही, काळाप्रमाणे बदलू दिला जातो.

त्याच यादीत अरबी समुद्रही आहे. बार्ड आणि सहकाऱ्यांनी 2013 साली पाकिस्तानच्या किनाऱ्यालगतच्या गाभ्यावरून अशीच नोंद दिली. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीदरम्यान प्राणवायू अत्यल्प असतो. मोसमी वाऱ्यांनी वर आणलेले पोषक पाणी प्लवक वाढवते, ते कुजताना प्राणवायू खाते. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक हा पट्टा दीर्घकाळ अभ्यासत आहेत. कराचीजवळच्या उतारावर हा पट्टा तळाला टेकतो तिथे थर शाबूत राहतात. उत्तर अटलांटिक गारठला की इथले मोसमी वारे क्षीण होत, प्राणवायू वाढे, किडे परतत आणि थर पुसले जात. थर असणे-नसणे हीच तिथली तारीख.

आपल्या किनाऱ्यावर याचा रोजचा उपयोग आहे. कोकणातल्या जुन्या वस्तीत शिंपल्यांचा ढीग सापडला आणि त्याचे वय काढायचे झाले, तर अरबी समुद्राचा स्थानिक फरक माहीत असावा लागतो. तो जागतिक सरासरीहून मोठा आहे, कारण इथे खालचे जुने पाणी वर येते. तो काढायला अणुचाचण्यांनी कार्बन-14 चे प्रमाण बिघडवण्यापूर्वी, नेमक्या वर्षी गोळा केलेले शिंपले लागतात. संग्रहालयात चिठ्ठीसह जपलेला शंभर वर्षांपूर्वीचा एखादा शिंपला म्हणूनच अमोल असतो. चिठ्ठी हरवली तर तो या कामी येत नाही.

टाटा संस्थेने काढलेल्या वयांची पहिली यादी 1963 साली ‘रेडिओकार्बन’ या नियतकालिकात शीला कुसुमगर, लाल आणि सरना यांनी छापली. पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. त्या याद्यांत ‘टीएफ’ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक, नमुन्याचे स्थळ, कार्बन-वर्षांतले वय आणि त्याची त्रुटी दिलेली असे. समजा एका ओळीत 3600, अधिक-उणे 100 असे लिहिले आहे. 1950 हे गणनेचे शून्य वर्ष. नुसती वजाबाकी केली तर इ.स.पू. 1650 येते. 2020 च्या कोष्टकातून काढले तर मध्य इ.स.पू. 1950 च्या जवळपास जातो. तो कोळसा मोजणीतच जळून गेला. मोजणाऱ्यांनी मूळ आकडा छापून ठेवला होता, म्हणून साठ वर्षांनंतरही तो नव्या कोष्टकात घालता येतो. आजही उत्खननाच्या अनेक अहवालांत केवळ रूपांतर केलेले वर्ष छापले जाते. कोणते कोष्टक वापरले, मूळ वय किती होते, हे सांगितले जात नाही. 1998, 2004, 2009, 2013, 2020 अशी कोष्टके बदलत आली आहेत आणि पुढेही बदलतील. इनामगावच्या नाहीतर नेवाशाच्या उत्खननातल्या कोळशाचा मूळ आकडा त्या वेळी कोणाच्या तरी कपाटात नव्हे, छापील पानावर असायला हवा.